पद्मिनीला पुढे डिस्क लावावी की ड्रमच राहू द्यावे

माझी प्रीमियर पद्मिनी कार १९८३ ची, बाबांनी नवी घेतलेली. मी तिच्यावर वीसेक वर्षं चारही चाकांना ड्रम ब्रेक चालवले अन् आता चार वर्षं झाली पुढे डिस्क ब्रेक चालवून राहिलो, म्हणून दोन्हींबद्दल थोडं सांगता येईल. मागे तेव्हाही ड्रम होते, आजही ड्रमच, तिकडे मी हात लावला नाही.

आधी ड्रमचं सांगतो, कारण लोक उगाच ड्रमला शिव्या देतात. नीट सेट केलेले ड्रम वाईट नसतात हो. ड्रम म्हणजे चाकासोबत फिरणारा डबा, ब्रेक दाबला की दोन शू त्याला आतून घासतात. ड्रम फिरताना पुढचा शू त्याच्यासोबत ओढला जाऊन आपोआप जास्त दाबला जातो, म्हणून बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) नसूनही पायाला फार जोर लागत नाही अन् नागपुरात धरमपेठेतून महालात अशी रविवारची चक्कर असेल तर डिस्कची आठवणही येत नाही. शूवर घासायचं लायनिंग चढवून देणारे अजून आहेत, ड्रमला रेघा पडल्या तर लेथवर टर्न करून मिळतो, सगळं स्वस्तात होतं. घाटात मात्र सांभाळून. छिंदवाड्याहून परत येताना सिल्लेवानी घाटात एकदा ड्रम इतके तापले की पेडल खाली खाली जात होतं, कारण तापलेला ड्रम फुगतो अन् शूला जास्त अंतर जावं लागतं. तरी सेकंड गिअर टाकून आरामात उतरलं तर तेही निभतं, बाबा तसेच उतरायचे.

माझं गाडं अडलं ते पावसात. नरेंद्रनगरच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचतं हे नागपुरात कोणाला सांगायला नको. त्या पाण्यातून बाहेर आलो की पहिला ब्रेक नुसता सरकायचा, लागायचाच नाही, अन् दुसऱ्यांदा दाबला की डावं चाक आधी सुकलेलं असायचं आणि उजवं ओलंच, मग गाडी सरळ डावीकडे ओढायची. डावीकडे म्हणजे जिकडे टू-व्हीलरवाले असतात तिकडे. एका जुलैत माझ्या डाव्या बाजूला स्कूटीवर एक ताई होत्या, मागे दप्तर घेतलेलं लहान पोरगं, अन् स्टिअरिंग हातातून असं निसटल्यासारखं झालं. काही लागलं नाही कोणाला, पण मी पुढे गाडी बाजूला लावून दहा मिनिटं बसून राहिलो.

त्यानंतर मी काय नाही केलं. शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचे वॉशर बदलले, दोन्हीकडे एकाच वेळचं लायनिंग चढवलं, ड्रम टर्न केले, अ‍ॅडजस्टमेंट मिस्त्रीसोबत स्वतः बसून केली. सुक्यात गाडी एकदम सरळ थांबायची. पाण्यातून काढली की पुन्हा डावीकडे. असे अजून तीन पावसाळे काढले, शेवटी ठरवलं की बस झालं.

डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी चकती, ती उघडी असते, फिरताना पाणी बाहेर फेकते आणि तिला दोन्हीकडून दाबणारे पॅड अगदी चिकटूनच असल्याने उरलेलं पुसून निघतं. म्हणजे पाण्यानंतरचा पहिला ब्रेक किंचित उशिरा लागतो, पण दोन्ही चाकांना सारखा लागतो. मला एवढंच पाहिजे होतं. चार पावसाळ्यांत एकदाही ओढली नाही. थांबायचं अंतर किती कमी झालं ते मी मोजलं नाही, पण वर्धा रोडवर पुढचा ऑटो अचानक उभा राहिला की पोटात जो गोळा यायचा तो आता येत नाही.

आता डिस्कचा त्रासही ऐकून घ्या, कारण हे एका दुपारचं काम नाही. मी मारुती एस्टीमचे कॅलिपर (पॅड दाबणारे भाग) ब्रॅकेट बनवून लावले, तिचं वजन पद्मिनीच्या जवळपास आहे म्हणून, शिवाय तिची रिम १३ इंची अन् आपली १४, त्यामुळे जागा पुरते. पण डिस्कला शू सारखी आपोआप ओढ नसते, सगळा जोर पायाने द्यावा लागतो, बूस्टर नाही लावला तर पेडल दगडासारखं लागतं. माझ्या मिस्त्रीने आधी जुनाच मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेकचं तेल लाइनमध्ये ढकलणारा) ठेवला होता. ड्रमच्या बहुतेक मास्टर सिलिंडरमध्ये लाइनमध्ये थोडं प्रेशर धरून ठेवणारा वॉल्व असतो, ड्रमला ते चालतं, शूच्या स्प्रिंगा ओढून घेतात, पण कॅलिपरला तशी स्प्रिंगच नसते, मग पॅड घासतच राहतात. बुटीबोरीला पोचेपर्यंत पुढच्या चाकांना हात लावता येत नव्हता. मग दोन सर्किटचा, म्हणजे दोन वेगळ्या लाइनचा मास्टर सिलिंडर अन् बूस्टर टाकला, तेव्हा कुठे जमलं. सगळं मिळून तीस हजारांच्या वर गेले, मजुरी धरून. तुमचा मिस्त्री कदाचित कमीत करून देईल, पण मास्टर सिलिंडरवर पैसे वाचवू नका एवढं नक्की म्हणीन.

अजून एक, हे ज्याच्या त्याच्या मनावर आहे. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात असेल, मोठे बदल केलेले नसतील, तर तिला व्हिंटेज म्हणून व्हीए मालिकेचा नंबर मिळू शकतो. गाडी त्या वयाच्या जवळ असेल, किंवा रॅलीत नेऊन दाखवायची हौस असेल, तर ड्रम काढायच्या आधी दहादा विचार करा. माझीला पन्नास व्हायला २०३३ उजाडणार आहे. तरी ओरिजिनल ड्रम, शू, बॅकप्लेट सगळं ग्रीस लावून पोत्यात बांधून माळ्यावर ठेवलंय, अन् मूळ स्टब एक्सलवर (पुढचं चाक ज्यावर फिरतं तो भाग) वेल्डिंग करू दिलं नाही, सगळं बोल्टवर आहे, उद्या परत लावता येईल.

गाडी पावसाळाभर कव्हरखाली उभी असते, हिवाळ्यात अंबाझरीपर्यंत नेऊन आणता, असं असेल तर ड्रम राहू द्या, खरंच काही अडत नाही, फक्त अ‍ॅडजस्टमेंट वेळच्या वेळी करा. पण जुलैत पोरांना शाळेतून आणायला तीच काढत असाल तर मी तरी डिस्ककडेच बोट दाखवीन. अन् काम मे महिन्यातच उरकून घ्या, पहिला पाऊस पडला की इथल्या गॅरेजात उभं राहायला जागा नसते.