प्युअर कॉपर सांगून ॲल्युमिनियम गळ्यात मारलं

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. ऑफिसपासून मागच्या शेडपर्यंत नेटवर्क न्यायचं होतं. तिथं चार कॅमेरे आणि एक कॉम्प्युटर. अंतर 140 मीटर. मी फायबरचं विचारलं, तर केबलवाला म्हणाला, “मालक, फायबर म्हणजे काच. उंदरानं कुरतडली की संपलं. प्युअर कॉपर कॅट सिक्स टाकतो, गिगाबिट स्पीड मिळतंय बघा.” कॅट सिक्स म्हणजे नेटवर्कची तांब्याच्या तारांची केबल. मी विश्वास ठेवला. उंदीर तांब्याची केबलही कुरतडतो, हे तेव्हा सुचलं नाही.

दिवसा कॅमेरे चालायचे, अंधार पडला की दोन बंद. त्यानं आधी ॲडॉप्टर बदलला, मग स्विच, मग म्हणाला कॅमेराच खराब. प्रत्येक फेरीचे पैसे वेगळे. तीन महिने असेच गेले.

खरं काय ते भंगारवाल्यानं सांगितलं. उरलेले तुकडे त्याला दिले, तर त्यानं तारेवर ब्लेड ओढलं आणि माझ्यासमोर धरलं. वरचा लाल थर खरवडला गेला होता, आत पांढरी तार चमकत होती. “मालक, याला तांब्याचा भाव नाही मिळायचा.”

ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. बाजारात याला सीसीए म्हणतात. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण 61 टक्के. कॅमेऱ्याला वीज याच तारेतून जाते; रात्री त्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की वीज जास्त लागते आणि इतक्या लांब व्होल्टेज पुरत नाही. म्हणून रात्रीच बंद पडायचे.

मला जास्त राग दुसऱ्या गोष्टीचा आला. अस्सल तांब्याची असली, तरी कॅट सिक्सची मर्यादा 100 मीटर आहे, आणि 10 गिगाबिट स्पीडसाठी तर 55च. रोज हेच काम करणाऱ्याला हे माहीत नसेल? 140 मीटरला पहिल्या दिवसापासून फायबरच हवी होती.

आता सिंगल मोड (लांब अंतराची) फायबर टाकली आहे, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि तांब्याची केबल जोडणारी डबी. फायबरमधून वीज जात नाही, म्हणून शेडमध्ये पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणारा) बसवला आणि तिथून कॅमेऱ्यांपर्यंत खऱ्या तांब्याची केबल. तेवढ्या अंतराला तांबं उत्तम चालतं.

पैसे परत मागायला गेलो, तर बिलावर फक्त ‘कॅट सिक्स केबल’ लिहिलेलं. तांब्याचा उल्लेखच नाही. तुम्ही घ्याल तेव्हा ‘सॉलिड बेअर कॉपर’ (म्हणजे मुलामा नसलेली, आतून-बाहेरून तांब्याचीच तार) हे शब्द बिलावर लिहून घ्या आणि केबल ओढायच्या आधी, त्याच्या देखत, टोक खरवडून बघा. जुनी केबल मी ठेवली आहे. एमआयडीसीत कुणाला फरक बघायचा असेल तर या, दाखवतो.