अ‍ॅबलोनच्या पिल्लांना ताजं शेवाळ की तयार खाद्य?

अ‍ॅबलोन म्हणजे एकाच शिंपल्याची समुद्री गोगलगाय. टाकीतल्या प्लेटांवरचा डायटमचा (सूक्ष्म शेवाळाचा) थर खात तिचं पिल्लू ५ ते १० मिमीचं झालं की खाद्य बदलावं लागतं. ग्रॅसिलेरिया किंवा उल्वासारखं ताजं शेवाळ उरलं तरी टाकीत काही दिवस जिवंत राहतं, पाणी नासत नाही. पण त्यात पाणीच फार. किलोभर वाढीला १० ते २० किलो लागतं.

तयार खाद्य दीडेक किलोत भागवतं, वाढही सहसा जलद. मात्र ते विरघळतं. पिल्लं रात्री चरतात, म्हणून संध्याकाळी टाकावं, सकाळी उरलेलं सायफनने काढावं. राहिलं तर अमोनिया चढतो, पिल्लांची पकड सुटते. पाण्याचा प्रवाह कमी असेल तर शेवाळच बरं.

खाद्य बदललं की शिंपल्याच्या कडेला बहुधा वेगळ्या रंगाचा पट्टा उमटतो. बदलानंतरची वाढ तिथूनच मोजावी.