कार्डावरचा मोफत विमा की वेगळी पॉलिसी? परदेशी निघालेल्या खान्देशी घरासाठी हिशेब

खान्देशात व्याज शेकड्यात, म्हणजे शंभर रुपयांवर महिन्याला किती, असं बोलतात. सोनं तारण ठेवलं तर रुपया शेकडा, हातउसने घेतले तर दोन रुपये, माणूस फारच अडला असेल तर तीन. क्रेडिट कार्डाच्या माहितीपत्रकावर मात्र ‘३.५% दरमहा’ असं बारीक अक्षरात छापलेलं असतं आणि तो आकडा कुणी शेकड्यात वाचत नाही. वाचून पाहा. साडेतीन रुपये शेकडा, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे चार रुपये तेरा पैसे. वर्षाचे जवळपास पन्नास टक्के. महाराष्ट्राच्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराला बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. कार्डावर अशी कमाल मर्यादा नाही. ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांची घातलेली मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली.

असं असूनही परदेशवारी ठरली की घरोघरी कार्डाचा विषय निघतो, कारण बँकेतला माणूस सांगतो की सोबत प्रवास विमा मोफत आहे. “विमा फुकट शे ना, मंग दुसरा कसाले?” हा प्रश्न साधा आहे आणि त्याचं उत्तर तुम्ही कुठे, किती दिवस आणि कोणत्या वयात जाताय यावर ठरतं. माझं मत आधीच सांगतो: कार्ड पैसे देण्याच्या सोयीसाठी घ्यावं, विमा दवाखान्याच्या बिलासाठी घ्यावा. एकाच्या आशेनं दुसरं घेतलं की दोन्हीकडे खड्डा पडतो.

कार्ड कुणाला स्वस्त, कुणाला महाग

खरेदी केली आणि देय तारखेच्या आत बिल पूर्ण भरलं, तर कार्ड जवळपास बिनव्याजी आहे. खरेदी बिलाच्या चक्रात कधी झाली त्यानुसार साधारण २० ते ५० दिवस वापरायला मिळतात. जळगाव-भुसावळच्या पगारदार घराला, ज्यांचा पगार ठरल्या तारखेला खात्यात पडतो, ही सोय खरोखर उपयोगाची आहे.

शेतीवर चालणाऱ्या घराचं गणित निराळं. कापसाचे पैसे दिवाळीच्या आगेमागे येतात. केळीचा घड रावेर-यावलच्या बागेतून गेला तरी व्यापाऱ्याकडून पैसे कधी हातात पडतील आणि काय भावाने, हे कुणी खात्रीनं सांगत नाही. बिल मात्र दर महिन्याला येतं. समजा दोन विमान तिकिटांचं १,२०,००० रुपयांचं बिल आलं आणि तुम्ही ‘किमान देय रक्कम’ म्हणून ५ टक्के, म्हणजे ६,००० भरले. उरलेल्या १,१४,००० वर महिन्याला ३,९९० रुपये व्याज, त्यावर ७१८ जीएसटी, मिळून ४,७०८. पुढच्या महिन्यात पुन्हा किमान रक्कम भरली तर तिचा मोठा भाग या ४,७०८ मध्येच जातो आणि मुद्दल जागचं हलत नाही. त्यातही व्याज देय तारखेपासून न लागता खरेदीच्या दिवसापासून लागतं, आणि थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. किराणा घेतला तरी पहिल्या दिवसापासून मीटर चालू.

तेवढीच रक्कम बँकेतून सोनं तारण ठेवून रुपया शेकड्याने घेतली तर महिन्याचं व्याज १,१४० रुपये होतं. जळगावच्या घरात सोनं असतंच. ते मोडायला जीव होत नाही, पण तारण ठेवायला हरकत नसावी. तिकिटाचे पैसे पुढच्या हंगामावरच फिटणार असतील, तर तिकीट कार्डावर काढा, पण देय तारखेच्या आधी सोनेतारणातून बिल पूर्ण चुकतं करा. कार्डाचं कर्ज पुढच्या महिन्यात नेऊ नका.

वार्षिक शुल्काचाही विचार हवा. ५,००० रुपयांचं कार्ड जीएसटीसह ५,९०० ला पडतं. त्यात विमानतळावरच्या लाउंजची सवलत असते, पण चोपड्याहून दोन वर्षांतून एकदा मुंबईला जाऊन विमान धरणाऱ्या घराला तिचा किती उपयोग? अशा घराने आजन्म मोफत कार्ड घ्यावं.

परदेशात पैसे द्यायचे तेव्हा

दुबईत ५०,००० रुपयांची खरेदी झाली आणि तुमच्या कार्डाचा परकीय चलन आकार (परदेशी चलनातल्या खर्चावर बँक लावते ते शुल्क) ३.५ टक्के असेल, तर १,७५० अधिक जीएसटी ३१५, मिळून २,०६५ रुपये जास्त जातात. आकार २ टक्के असेल तर १,१८०. काही कार्डांवर हा आकार शून्यही असतो. परदेशासाठी कार्ड निवडताना लाउंजपेक्षा हा आकडा आधी विचारा. फॉरेक्स कार्डात, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवायच्या कार्डात, पैसे भरतानाच दर पक्का होतो, रुपया घसरला तरी धास्ती नाही, आणि खर्चाला आपोआप लगाम बसतो. मात्र कार्डात डॉलर भरले आणि खर्च दुबईच्या दिरहममध्ये केला तर तिथेही आकार लागतो, आणि उरलेले पैसे परत रुपयांत आणताना थोडी घट येते. आठवड्याच्या सहलीला मी फॉरेक्स कार्ड आणि थोडी रोकड सुचवेन. क्रेडिट कार्ड हॉटेलच्या अनामतीसाठी आणि अडीअडचणीला.

दुकानातलं मशीन ‘रुपयांत की दिरहममध्ये’ असं विचारेल. दिरहम निवडा. रुपयांत निवडलं की दर त्या दुकानदाराच्या बाजूचा लागतो, आणि तो बहुधा महाग असतो. क्रेडिट कार्डावर एटीएममधून रोकड तर काढूच नका: रोकड शुल्क, चलन आकार आणि त्याच दिवसापासून व्याज, असा तिहेरी मार बसतो. आणि निघण्याआधी कार्डाचा परदेशी वापर ॲपमधून चालू करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवं कार्ड फक्त देशांतर्गत वापरापुरतंच चालू होऊन येतं.

मोफत विम्यात काय असतं, काय नसतं

बहुतेक साध्या कार्डांवरचा विमा हा विमान अपघातातल्या मृत्यूचा असतो. ‘एक कोटीचं संरक्षण’ हा मोठा आकडा त्याचाच. तापाने फणफणलात, जिन्यावरून पडून खुबा मोडला, छातीत कळ आली, तर त्यातला एक रुपयाही मिळत नाही. वरच्या दर्जाच्या काही कार्डांवर परदेशातल्या दवाखान्याचा खर्च, सामान हरवणे, उड्डाणाला उशीर यांचंही संरक्षण असतं, पण अटींसकट. तिकीट त्याच कार्डावर काढलेलं असावं, ठरावीक दिवसांत कार्ड वापरलेलं असावं, आणि बहुतेकदा संरक्षण फक्त मूळ कार्डधारकाला. कार्ड मुलाच्या नावावर आणि प्रवास आई-वडिलांचा असेल तर त्यांच्या वाट्याला बहुधा काही येत नाही. हा गटविमा बँकेने कंपनीकडून घेतलेला असतो. बँक तो बदलू शकते, बंदही करू शकते.

वेगळ्या पॉलिसीत तुमचं नाव, पासपोर्ट क्रमांक, तारखा आणि डॉलरमधली विमा रक्कम लिहिलेली असते. पन्नास हजार, एक लाख, अडीच लाख, पाच लाख डॉलर असे टप्पे असतात. आठवड्याच्या दुबई-बँकॉक सहलीला तरुण माणसाचा हप्ता काहीशे ते हजार-दीड हजारात बसतो. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण दाखवावंच लागतं, तिथे फक्त विमान अपघाताचं कार्ड चालत नाही. भारतातला तुमचा नेहमीचा मेडिक्लेमही साधारणपणे देशाबाहेर चालत नाही, हे लोक हमखास विसरतात.

पॉलिसी घेऊनही काही गोष्टी बाहेरच राहतात. दारू पिऊन झालेला अपघात, वैध परवान्याशिवाय चालवलेली स्कूटर, यांचा दावा नाकारला जातो. आणि आपल्याकडची खास अडचण: भुसावळहून निघालेली गाडी उशिरा पोचली आणि मुंबईचं विमान चुकलं, तर अनेक पॉलिसी त्याला ‘चुकलेलं जोडउड्डाण’ मानत नाहीत. म्हणून विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबई गाठा.

आई-वडील मुलाकडे अमेरिकेला निघाले असतील तर

इथे मात्र काटकसर करू नका. खान्देशातली कितीतरी मुलं अमेरिकेत स्थिरावली आहेत, आणि बाळंतपणाला किंवा नातवंडांसाठी आई-वडील सहा-सहा महिने जातात. वय साठीच्या पुढे, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू. तिथल्या दवाखान्यात एका रात्रीचं बिल हजारो डॉलरचं होतं, त्यामुळे मोफत विमा आणि वेगळी पॉलिसी अशी तुलनाच उरत नाही. खरी तुलना दोन पॉलिसींत असते: भारतातून घेतलेली आणि अमेरिकेतून मुलाने घेतलेली.

भारतातली पॉलिसी सहसा स्वस्त, रुपयांत हप्ता, पण देश सोडण्याआधीच घ्यावी लागते. साठीच्या पुढच्यांसाठी कितीतरी योजनांत खोलीभाडं, शस्त्रक्रिया यांवर उपमर्यादा, म्हणजे त्या-त्या खर्चापुरत्या वेगळ्या कमाल रकमा, असतात. एक लाख डॉलरची पॉलिसी कागदावर भरभक्कम दिसते आणि शस्त्रक्रियेला त्यातले थोडेच डॉलर देते. उपमर्यादा नसलेली योजना मागा, हप्ता जास्त पडला तरी. अमेरिकेतली पॉलिसी पोचल्यावरही घेता येते. तिथेही दोन प्रकार आहेत: प्रत्येक उपचाराला ठरलेली रक्कम देणारी स्वस्त, आणि वजावट (आधी आपण भरायची ठरलेली रक्कम) सोडून बिलाचा मोठा भाग उचलणारी सर्वसमावेशक. पहिल्या प्रकाराच्या नादी लागू नका. दुसऱ्या प्रकारात तिथल्या रुग्णालयांच्या जाळ्यात थेट बिल जातं, हा मोठा दिलासा.

जुन्या आजाराचं काय, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच. बहुतेक पॉलिसी जुन्या शुगरचे नेहमीचे उपचार देत नाहीत. जिवावर बेतलेल्या किंवा अचानक उद्भवलेल्या प्रसंगापुरतं मर्यादित संरक्षण देतात. फॉर्मवर बीपी लपवू नका. हप्ता थोडा वाचतो आणि नेमका दाव्याच्या वेळी जुना केसपेपर पुढे येतो. सहा महिन्यांच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह इथूनच न्या.

सहा महिन्यांचा हप्ता ज्येष्ठांसाठी पाच आकडी होऊ शकतो. तिकिटाला पैसे काढताय, त्यातच हा धरा.

काशी, चारधाम, तिरुपतीला

देशातल्या देशात एवढा खटाटोप नको. आयआरसीटीसीवर तिकीट काढताना ४५ पैशांचा विमा असतो: रेल्वे अपघातात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास दहा लाख, दवाखान्याला दोन लाखांपर्यंत. ती खूण करा आणि नंतर येणाऱ्या लिंकवर वारसाचं नाव भरा. नाव भरायचंच राहून जातं. बँक खात्यातून वर्षाला २० रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचं दोन लाखांचं अपघाती संरक्षण १८ ते ७० वयात मिळतं. सत्तरी ओलांडलेल्यांनी मोफत उपचारांचं सरकारी आयुष्मान वय वंदना कार्ड सोबत ठेवावं. उत्पन्नाची अट नाही, आणि ते देशभरातल्या योजनेत सामील रुग्णालयांत चालतं.

परदेशी पॉलिसी घेतली असेल तर तिची प्रत आणि मदत क्रमांक गावातल्या एका माणसाकडेही देऊन ठेवा. दाखल होताच, शक्यतो आधीच, कंपनीला कळवणं ही कॅशलेसची अट असते, आणि आजारी माणसाच्या जवळ असलेल्याला त्या घाईत कागद सापडत नाही. दावा चुकीच्या कारणाने नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, मग विमा लोकपालाकडे जा. तिथे ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात आणि वकील लागत नाही. कार्डाच्या बिलाची तक्रार बँकेने ३० दिवसांत सोडवली नाही, तर ती रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन नेता येते.