मैदानावरच्या फोटोंसाठी टेलीफोटो: ७०-२०० की २००-५००?

गेल्या वर्षभरात तीन टेलीफोटो, म्हणजे लांबचं जवळ दाखवणाऱ्या लेन्स वापरून झाल्या (७०-२०० असे आकडे म्हणजे झूम कुठून कुठपर्यंत, मिलिमीटरमध्ये, आकडा मोठा तेवढं जवळ दिसतं), दोन भाड्याने आणि एक शेवटी विकत घेतली, आणि हल्ली भाचीच्या कबड्डीला गेलं की कोणी ना कोणी पालक येऊन विचारतातच की ताई कुठली लेन्स घेऊ, म्हणून एकदाचं सगळं नीट लिहून काढते. माझी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, निकॉन डी ५००, २०१६ चं मॉडेल, सेकंडहँड घेतलेली. क्रॉप सेन्सर आहे, म्हणजे फोटो टिपणारी आतली चकती फुल फ्रेम कॅमेऱ्यापेक्षा लहान, त्यामुळे २०० ची लेन्स लावली की फुल फ्रेमवर ३०० दिसेल तेवढं जवळ दिसतं. सेकंदाला १० फ्रेम मारते. खेळ दोनच, भाचीची कबड्डी, ती बहुतेक रात्री मंडळाच्या मैदानावर लाइटखाली, आणि दिराचं क्लब क्रिकेट, ते दिवसा आझाद मैदान नाहीतर शिवाजी पार्क.

पहिल्यांदा फोर्टात बोरा बाझारला लेन्स भाड्याने आणायला गेले तेव्हा काउंटरवरच्या काकांनी आधी विचारलं, "मॅडम, मॅच कसली?" कबड्डी म्हटल्यावर म्हणाले, "मग २००-५०० नका नेऊ, ती क्रिकेटला न्या. कबड्डीला ७०-२०० न्या, टू पॉइंट एटवाली." मी नाही ऐकलं. माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं की खेळाचे फोटो म्हणजे लांब लेन्स, टीव्हीवर बाउंड्रीच्या कडेला त्या मोठमोठ्या पांढऱ्या लेन्सच बघत आलोय ना आपण. ओळखपत्र दिलं, डिपॉझिट ठेवलं, २००-५०० घेऊन आले.

आता काय होतं ते बघा. मुलींचं मैदान १२ बाय ८ मीटरचं, म्हणजे मागच्या रेषेपासून मध्यरेषा ६ मीटर. मी मागच्या रेषेच्या ३ मीटर मागे मांडी घालून बसलेली, म्हणजे मध्यरेषा माझ्यापासून ९ मीटरवर. ह्या लेन्सचा सगळ्यात कमी झूमच २००, आणि माझ्या बॉडीवर २०० ला ९ मीटरवरचा जो तुकडा फ्रेममध्ये येतो तो जेमतेम एक मीटर रुंद आणि सत्तर सेंटीमीटर उंच. एक मीटर! त्यात एका मुलीचा चेहरा आणि एक हात बसतो, बस. चढाई करणारी आणि तिला धरणाऱ्या तिघी, असं जे आपल्याला पाहिजे असतं ते येतच नाही. पन्नासेक फोटो काढले असतील, सगळ्यांत कोणाची तरी कोपरं, कोणाची वेणी, जर्सीचा अर्धा नंबर. उठून मागे सरकावं तर मागे खुर्च्या आणि पब्लिक.

आणि उजेड. मंडळाच्या मैदानावर चार कोपऱ्यांत खांब आणि त्यावर लाइट, आपल्या डोळ्याला लख्ख दिसतं पण कॅमेऱ्याला ते काहीच नसतं. चढाईपटू वळते तेव्हा तिचा हात गोठवायचा असेल तर शटर निदान १/८०० सेकंद पाहिजे. २००-५०० चं भोक एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा लहान तेवढं भोक मोठं), त्यावर तेवढं शटर ठेवायचं तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची ताकद, १२८०० च्या वर गेला, फोटोला नुसते दाणे. एफ २.८ म्हणजे ५.६ च्या चौपट प्रकाश, दोन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), तोच फोटो आयएसओ ३२०० ला निघतो. पॅकिंगवरच्या आकड्यांत हे दिसत नाही, रात्री अकराला उपांत्य सामन्यात दिसतं.

पुढच्या शनिवारी काकांचं ऐकून निकॉनची ७०-२०० एफ २.८ व्हीआर टू (व्हीआर म्हणजे हात हलला तर सांभाळून घेणारी सोय) नेली, आणि काय सांगू, वेगळाच खेळ. ७० ला त्याच जागेवरून ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच दिसतं, म्हणजे मध्यरेषेवरची अख्खी झटापट येते, आणि निकराचा क्षण आला की मनगटाच्या एका वळणात १२० ला जाऊन चेहरा पकडता येतो. झूम करताना लेन्सची लांबी बदलत नाही, त्यामुळे हातातला तोल जात नाही. वजन १५४० ग्रॅम, हे काही कमी नाही, पण २००-५०० ची सव्वादोन किलोच्या वर आहे, तिच्यापुढे ही हलकीच.

एक फोटो त्या रात्रीचा अजून माझ्या फोनच्या स्क्रीनवर आहे. भाची चढाईला गेलेली, बोनस घेतला, वळली आणि तेवढ्यात डाव्या कोपऱ्यावरच्या बचावपटूने घोटा धरला. ती पोटावर आपटून मध्यरेषेकडे हात लांब करते, बोटांची टोकं रेषेच्या चुन्यावर, नखांत माती, आणि मागे ज्या मुलीने घोटा धरलाय तिच्या मुठीच्या शिरा दिसतायत, तिचे डोळे मिटलेले. १/१०००, एफ २.८, आयएसओ ४०००. इथे एक सांगते, मी मुद्दाम आमच्या टीमच्या मागच्या बाजूला बसलेली, समोरच्यांच्या मागे नाही. पलीकडे बसलात तर चढाईभर बचावाच्या पाठी दिसतात आणि सुटून पळताना चढाईपटूची पाठ. आपल्या बाजूला बसलं की ती परत येताना चेहरा तुमच्याकडे असतो आणि तिला धरणाऱ्यांचे चेहरेही तुमच्याकडे. कुठलीही लेन्स घ्या, हे फुकट आहे.

लाइटचा अजून एक त्रास. काही लाइट विजेच्या लयीत सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात, डोळ्याला कळत नाही पण १/१००० ला एक फोटो पिवळट, एक काळपट, एक बरोबर असं येतं. लेन्स खराब आहे असं समजून परत करू नका, बॉडीत फ्लिकर रिडक्शन असेल तर ते चालू करा. डी ५०० मध्ये आहे.

आता क्रिकेट. तिथे मात्र गणित पूर्ण उलटं, आणि २००-५०० बद्दल वर जे बोलले ते इथे विसरा. नीट ग्राउंडवर बाउंड्रीपासून बॅट्समन ६० मीटर तरी असतो. माझ्या बॉडीवर ५०० ला ६० मीटरवर फ्रेमची उंची येते १.९ मीटर, म्हणजे उभा बॅट्समन डोक्यापासून बुटापर्यंत बरोब्बर मावतो. २०० ला तीच उंची ४.७ मीटर, माणूस फ्रेमच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडा जास्त, आणि कापून ५०० एवढा मोठा केला की २० मेगापिक्सेलमधले उरतात तीन-साडेतीन. व्हॉट्सअपला चालतं, क्लबच्या भिंतीवर लावायला नाही.

आणि आझाद मैदान ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीय, एका मॅचचा कव्हर दुसऱ्या मॅचच्या मिडविकेटच्या खांद्याला खांदा लावून उभा असतो. बॅट्समनच्या मागे भलत्याच मॅचचे तीन पांढरे शर्ट आले की फोटो मेला. मला वाटायचं बॅकग्राउंड घालवायला २.८ च लागतं, पण तसं नाहीये. लेन्सचं भोक प्रत्यक्षात किती मोठं उघडतं ते बघा, ५०० ला ५.६ ने भागलं तर ८९ मिलिमीटर, २०० ला २.८ ने भागलं तर ७१. त्यामुळे लांबच्या बॅट्समनला ५०० ला घेतला की मागचे शर्ट जास्त विरघळतात आणि फ्रेम अरुंद म्हणून मुळात येतातही कमी. क्रिकेटला ही लेन्स मला मनापासून आवडली. एफ ५.६ शेवटपर्यंत ५.६ च राहतं, हे मोठं सुख आहे, झूम करताना एक्सपोजर हलत नाही. झूमची रिंग मात्र भरपूर फिरवावी लागते, २०० वरून ५०० ला एका झटक्यात जाता येत नाही, म्हणून मी बॅट्समनवर ५०० ला लावून ठेवते आणि फील्डिंगच्या नादाला लागत नाही. मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा स्टँड, पाहिजेच, दुसऱ्या तासाला खांदा भरून येतो.

कांगा लीगला पण नेली होती. १९४८ पासूनची ही स्पर्धा, पावसाळ्यातलं क्रिकेट म्हणूनच ओळखली जाते, ओली खेळपट्टी आणि दुपारी तीनलाच संध्याकाळ झाल्यासारखं आभाळ. तरी एफ ५.६ वर १/१२५० आणि आयएसओ १६००-२००० ला काम निघालं, रात्रीच्या लाइटपेक्षा ढगाळ दुपार कितीतरी उजेडाची असते. पण ह्या लेन्सची नळी झूम करताना बाहेर येते, ओली झालेली नळी तशीच आत घेऊ नका, रुमालाने पुसून मगच. मी शॉवर कॅप आणि रबरबँडवर भागवते.

सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी एकच रविवार वापरली. दोन किलोच्या आत, हातात बरी वाटते, आणि १५० पासून सुरू होते त्यामुळे जवळचा फील्डर पण मिळतो. पण ६०० ला एफ ६.३ होतं, आणि मला ६०० लागलंच नाही. मे महिन्यात दुपारी बारा वाजता मैदानावरून गरम हवा वर येते ना, लांबच्या वस्तू पाण्यात असल्यासारख्या हलतात, तेव्हा ६०० काय आणि ५०० काय, लांबचं सगळं मऊच येणार, तिथे जवळ जाऊन बसण्याशिवाय उपाय नाही. पक्ष्यांचे फोटो पण काढत असाल तर तिचा विचार करा.

व्हीआर बद्दल पालकांचा फार गैरसमज आहे. व्हीआर तुमचा हात हलतो तो सांभाळतं, पळणारी मुलगी सांभाळत नाही. तिला फक्त शटर थांबवतं. म्हणून दुकानात कोणी स्वस्त ७०-३०० पुढे करून व्हीआर आहे, रात्री पण चालेल असं म्हणालं तर ३०० ला एफ किती ते विचारा.

तर मी शेवटी घेतली ७०-२०० एफ २.८ व्हीआर टू, सेकंडहँड, आणि त्याबरोबर निकॉनचा १.४ चा टेलीकन्व्हर्टर, म्हणजे बॉडी आणि लेन्सच्या मध्ये बसून झूम १.४ पट करणारा तुकडा. तो लावला की ९८-२८० एफ ४ होते, एक स्टॉप जातो, पण शिवाजी पार्कला कडेला बसून स्लिप आणि कीपरसकट फ्रेम हवी असेल तर छान पुरते. ज्या रविवारी दिराची महत्त्वाची मॅच असेल त्या दिवसापुरती २००-५०० भाड्याने आणते. वर्षातून सहा-सात वेळा लागणाऱ्या लेन्ससाठी तेवढे पैसे अडकवणं मला पटलं नाही. तुमचं मूल फक्त क्रिकेट खेळत असेल तर ह्याच्या बरोबर उलटं करा, २००-५०० विकत आणि ७०-२०० बक्षीस समारंभाच्या दिवशी भाड्याने. मिररलेसवाल्यांसाठी (आत आरसा नसलेले नवे कॅमेरे) सोनीची २००-६०० आणि निकॉनची झेड १८०-६०० आहेत, दोन्हींची नळी झूम करताना बाहेर येत नाही, पण रात्रीच्या कबड्डीला दोन्ही लांब आणि अंधाऱ्याच.

सेकंडहँड घेताना मात्र प्लीज घाई करू नका. ह्या ७०-२०० च्या आधी मी एका विक्रेत्याकडून दुसरी एक लेन्स घेतली होती, बाहेरून नवीकोरी, मूळ बॉक्स, बिल, सगळं. घरी आणून मागून मोबाइलचा टॉर्च मारला तर आतल्या काचेच्या कडेला पांढरे बारीक धागे, कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरलेले. फंगस. मुंबईच्या दमट हवेत बॅगेत बंद पडून राहिली की होतंच ते. फोन केला तर तो माणूस म्हणाला फोटोत दिसत नाही ना मग काय प्रॉब्लेम आहे, आणि नंतर फोन उचलणंच बंद. साफ करून घेतली तरी कोटिंग खाल्लेलं होतं, लाइट समोरून आला की फोटोवर दुधासारखा पडदा यायचा. फार वाईट वाटलं, पैसे साठवून घेतलेली होती.

म्हणून आता टॉर्च घेऊनच जाते. निकॉनच्या ‘जी’ प्रकारच्या लेन्सला मागे, बॉडीला बसते त्या माउंटजवळ, छोटा लिव्हर असतो, तो सरकवला की आतली पाती उघडतात, मग एका बाजूने टॉर्च तिरका मारायचा आणि दुसऱ्या बाजूने बघायचं, कडेपासून सुरुवात करून मध्यापर्यंत. धूळ थोडी असतेच, तिने काही होत नाही, धागे दिसले की ठेवून द्यायची. मग स्वतःची बॉडी लावून २.८ ला रस्त्यावरच्या येणाऱ्या स्कूटरवर फोकस धरून वीसेक फोटो काढायचे आणि तिथेच झूम करून नंबरप्लेट वाचायची. बाजूचा फोकस लिमिटचा स्विच पण हलवून बघा. तो ५ मीटरच्या पुढे लावला की मध्येच समोरून पंच गेले तरी लेन्स जवळच्या अंतराला भटकायला जात नाही, फक्त सामना संपला की परत फुलवर आणायचा, नाहीतर पोरं ट्रॉफी घेऊन तुमच्याजवळ धावत येतात आणि लेन्स फोकसच करत नाही.