काकाचं घर, मामाचं घर की परक्याचं? दोन भावंडांसाठी घर निवडताना

गावात एखादं कुटुंब उघड्यावर पडलं की पोरांना न्यायला लोक लगेच पुढे येतात. तेराव्यालाच कोणीतरी म्हणतं, "मोठीला आम्ही नेतो, लहान्याला तुम्ही ठेवा." त्या घाईत भावंडांची ताटातूट होते आणि पुढे वर्षानुवर्षं तो विषय कोणी काढत नाही. तुम्ही गाव बाल संरक्षण समितीवर असाल, शाळेत शिकवत असाल, अंगणवाडी सांभाळत असाल किंवा जवळच्या नात्यातले असाल, तर अशा वेळी तुमचं मत विचारलं जाणार. आदेश जिल्ह्याची बाल कल्याण समिती देते. पण तिच्यापुढे जो अहवाल जातो तो गावातल्या चौकशीवरच उभा असतो, त्यामुळे तुमच्या शब्दाला वजन आहे.

नेहमी दिसतो तसा एक प्रसंग धरू. आर्णी तालुक्यातलं गाव. अकरा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा भाऊ. बापानं कर्जापायी जीव दिला. आई त्या धक्क्यातून सावरली नाही, ती नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात भरती आहे. बरी होईल, पण वेळ लागेल, असं डॉक्टर सांगतात. घरची तीन एकर कोरडवाहू जमीन आहे, काकाच्या शेताला लागून. पोरांना ठेवून घ्यायला चार घरं तयार आहेत: गावातलाच काका, दारव्ह्याकडचा मामा, आर्णीत राहणारं शिक्षक दाम्पत्य आणि नागपूरचं एक मूलबाळ नसलेलं जोडपं. कोणीच नाही जमलं तर यवतमाळचं बालगृह.

काका की मामा

काकाच्या घराची जमेची बाजू मोठी आहे. शाळा तीच, वर्गातली पोरं तीच, बापाच्या नावानं ओळखणारी माणसं तीच. आई परत आली तर चार घरं सोडून तिचं घर. मूल आधीच इतकं काही गमावून बसलेलं असताना रोजचा रस्ता तरी तोच राहणं ही फार मोठी गोष्ट आहे.

अडतं ते जमिनीवर. बाप गेल्यावर वारस फेरफार होतो, सातबाऱ्यावर पोरांची नावं 'अ.पा.क.' (अज्ञान पालनकर्ता) लावून चढतात. आई आजारी म्हणून पालनकर्ता म्हणून काकाचं नाव लावा, असा आग्रह सुरू होतो. अज्ञान मुलांची जमीन विकण्याचा अधिकार काकाला नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे; खुद्द आईलासुद्धा त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. पण जमीन न विकताही दहा वर्षं वाहून खाता येते आणि मग ती सोडवताना पोराची हयात जाते. शिवाय शेतकरी आत्महत्येच्या पात्र प्रकरणात सरकारकडून मिळणाऱ्या १ लाखापैकी ७० हजार ठेवीत असतात. त्या ठेवीकडेही काहींची नजर असते.

म्हणून काकाशी बोलताना पोरांबद्दल नंतर विचारा, आधी शेताबद्दल विचारा. "यंदा जमीन मक्त्यानं, म्हणजे ठरलेल्या रकमेवर कसायला, देऊ आणि पैसे पोरांच्या खात्यात टाकू, चालेल?" ज्याला पोरं हवी आहेत तो म्हणतो, चालेल, मीच घेतो, कागद करा. ज्याला जमीन हवी आहे तो घरातल्या घरात कागद कशाला म्हणून चिडतो. सगळे काका जमिनीसाठीच पुढे येतात असं मुळीच नाही. स्वतःच्या पोराआधी पुतण्याची फी भरणारे काका याच भागात आहेत. पण प्रश्न विचारल्याशिवाय दोघांतला फरक कळत नाही.

मामाच्या घराला या जमिनीत वाटा नाही, हा त्याचा पहिला गुण. दुसरा गुण म्हणजे आजी. आईची आई घरात असेल तर पोरांना आईबद्दल बोलायला माणूस राहतं. काकाच्या घरी बरेचदा उलट होतं, बापाच्या मरणाचा ठपका आईवरच ठेवला जातो आणि ते सगळं पोरांच्या कानावर पडतं. हे मला जमिनीइतकंच गंभीर वाटतं.

तोट्याची बाजू अशी की शाळा बदलते, आणि खाणारी दोन तोंडं वाढतात. मामाची स्वतःची दोन पोरं, चार एकर कापूस-तूर. इथे मत मामाचं नाही, मामीचं घ्यायचं. तेही मामासमोर नाही, चुलीपाशी तिच्या बाजूला बसून. भाकरी तीच थापणार, कपडे तीच धुणार, रात्री अंथरूण ओलं झालं तर तीच बदलणार. ती "हो, राहू द्या ना" म्हणताना हातातलं काम थांबवून बोलली की नुसती मान हलवली, हेसुद्धा पाहा.

आणि एक काम नक्की करा: मामाच्या मुलीच्या शाळेत जाऊन तिची हजेरी पाहा. दिवाळीनंतर कापूस वेचणी सुरू झाली की वर्गात किती पोरी दिसतात हे इथल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. स्वतःची मुलगी त्या दिवसांत शाळेत असेल तर भाचीही असेल. स्वतःच्या मुलीला वेचणीला पाठवणारं घर भाचीला शाळेत पाठवेल, ही आशा ठेवू नका. थोरल्या पोरीचं लग्न कितव्या वर्षी झालं तेही सहज गप्पांत विचारून घ्या. अकरा वर्षांची मुलगी चार वर्षांत पंधराची होते, आणि दुसऱ्याच्या पोरीचे हात पिवळे करून मोकळं व्हायची घाई नातेवाइकांना जरा जास्तच असते.

नात्यातल्या घराला आधार मिळतो. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये आहेत. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतल्या प्रायोजकत्वात ४,००० रुपये आहेत, त्यासाठी ग्रामीण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ७२ हजारांच्या आत असावं लागतं. कोणती योजना बसते ते जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा. मात्र पैसा महिन्याच्या महिन्याला पडेलच असं धरून कोणत्याही घराचा हिशेब मांडू नका. दोन-तीन महिने काहीच आलं नाही तरी पोरांच्या ताटात फरक पडणार नाही, अशी खात्री आधी हवी.

आर्णीचं शिक्षक दाम्पत्य

हे परकं घर, म्हणजे कायद्यातलं प्रतिपालक कुटुंब. २०१५च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४४ खाली बाल कल्याण समितीच्या आदेशानं मूल अशा घरात राहतं. घरभेट होते, पोलीस पडताळणी होते, क्षयरोगापासून एचआयव्हीपर्यंत तपासण्या होतात, करारावर सह्या होतात. महिन्याचे ४,००० रुपये मुलाच्या खर्चासाठी असतात, घर त्यांवर चालणारं नसावं. नातेवाइकांची इतकी छाननी सहसा कोणी करत नाही. मूल कुठे आहे, कसं आहे, याची नोंद राहते, ही या वाटेची ताकद आहे. भावंडांना शक्यतो एकाच घरी ठेवावं, हेही कायदाच सांगतो. म्हणून "आम्हाला फक्त मुलगी झेपेल" म्हणणाऱ्या घराला सरळ नाही म्हणायला तुमच्याकडे आधार आहे.

आर्णी गावापासून एसटीच्या टप्प्यात आहे. सुट्टीत पोरं गावाला जाऊ शकतात, पोळ्याला आपला बैल पाहू शकतात. अभ्यास घेणारं माणूस घरात आहे. मग अडचण काय? अडचण बारीकसारीक गोष्टींत लपलेली असते. "मले भूक लागली" म्हटल्याबरोबर "मला म्हण" असं दर वाक्याला ऐकू येणारं घर असेल, तर आठ वर्षांचं पोर आठवड्याभरात बोलणंच बंद करतं. जेवणात झणका लागणाऱ्या पोराला गोडं वरण रोज चालत नाही. घरातल्या देवापासून ते "तुमच्या लोकांत असंच असतं का?" या एका प्रश्नापर्यंत सगळं मोजावं लागतं. जात एक असावी असा आग्रह मी धरणार नाही. पोरांच्या माणसांबद्दल त्या घरात आदरानं बोललं जातं का, एवढं मात्र नक्की पाहीन. मूल झरी-जामणीकडचं कोलाम असेल, मेळघाटातलं कोरकू असेल किंवा गडचिरोलीचं माडिया असेल, तर हा मुद्दा सगळ्यांत वर जातो. तिथे घरात कोणालाच मुलाची भाषा येत नसेल, तर बाकी सगळं चांगलं असूनही मी ते घर बाजूला ठेवीन.

या दाम्पत्याला एक प्रश्न समोरासमोर विचारा: "आई बरी होऊन पोरांना न्यायला आली तर?" कायद्यानं आईला ठराविक दिवसांनी पोरांना भेटता येतं, मुलांच्या हिताचं नसेल तरच समिती ते थांबवते. प्रतिपालक घर म्हणजे आई उभी राहीपर्यंतचा आधार. हे ऐकून ज्यांचा चेहरा उतरतो त्यांचं प्रेम खरं असेलही, पण त्यांना दत्तक मूल हवं आहे आणि तो मार्ग वेगळा आहे.

नागपूरचा फ्लॅट

तेच नागपूरच्या जोडप्याचं. दत्तकासाठी वर्षानुवर्षं यादीत थांबावं लागतं, म्हणून काहीजण या दारानं आत येऊ पाहतात. २०२४च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत प्रतिपालक कुटुंबाला दोन वर्षांनी दत्तक घेण्याची वाट खुली झाली, आधी पाच वर्षं लागायची. पण मूल कायद्यानं दत्तकासाठी मोकळं झालेलं असेल तरच. इथे आई जिवंत आहे, उपचार घेते आहे. ही पोरं दत्तकाची नाहीत.

त्यांचं एक म्हणणं मात्र विचार करण्याजोगं आहे: आई नागपुरातच आहे, पोरं इथे राहिली तर भेटत राहतील. पण आई बरी झाली की गावाला येणार, आणि तोवर पोरांची शाळा, मैत्री, बोलणं सगळं नागपूरचं झालेलं असणार. महिन्यातून एकदा मामानं पोरांना घेऊन नागपूरला जावं, हे त्यापेक्षा कमी त्रासाचं. एसटीचं भाडं कोण भरेल, एवढंच आधी ठरवावं लागेल.

बालगृहाबद्दल थोडक्यात. मुलींचं वेगळं, मुलांचं वेगळं, त्यामुळे भावंडं त्याच दिवशी तुटतात. घर पक्कं होईपर्यंतच्या थोड्या दिवसांसाठी ठीक.

मग कोणतं?

या प्रसंगात मी मामाच्या घराचं नाव पुढे करीन, मामीचा होकार मनापासून असेल आणि हजेरीपट नीट असेल तर. यांतली एक गोष्ट जरी नसेल तर आर्णीचं शिक्षक दाम्पत्य, दोन्ही पोरं एकत्र या अटीवर. काकाला सणावाराचं आणि सुट्टीचं घर म्हणून जोडून ठेवीन, पण सातबाऱ्यावर पालनकर्ता म्हणून त्याचं नाव लागू नये हे मतात लिहून देईन. नागपूरला नाही.

मत लिहिण्याआधी पोरांना विचारा, दोघांना वेगवेगळं. आठ वर्षांचा म्हणेल, "मले ताईजवळच राहाचं हाय." ते त्याच्याच शब्दांत लिहा. मुलाचं म्हणणं ऐकून घेणं बाल कल्याण समितीला बंधनकारक आहे. मोठी मुलगी बरेचदा समोरच्याला बरं वाटेल असं उत्तर देते, तेव्हा तिला "कुठं राहशील" असं न विचारता "कुठं राहायला भीती वाटते" असं विचारा. मग समितीच्या परवानगीनं पोरांना त्या घरी आधी दिवसभर आणि नंतर मुक्कामाला नेऊन पाहा. मुक्कामाच्या जागी मुलगी कोणत्या खोलीत झोपणार, तिथे आणखी कोण झोपतं, संडासाला रात्री किती लांब जावं लागतं, दप्तर ठेवायला तिची स्वतःची जागा आहे का, हे डोळ्यांनी पाहून या.

प्रतिपालक घरात दर महिन्याला तपासणी व्हावी, असं कायदा सांगतो. नात्यातल्या घराकडे तसं कोणी फिरकत नाही, म्हणून तिथे जायची जबाबदारी गाव समितीतल्या एका माणसानं नाव लावून घ्यावी. पोरांना भेटायचं ते घरी नाही, शाळेत, मधल्या सुट्टीत. मामी किंवा गुरुजी बाजूला उभे असताना पोरं काही सांगत नाहीत. आणि १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर मुलीच्या वहीच्या पहिल्या पानावर तिच्याच हातानं लिहून घ्या.