शनिवार-रविवारची मुंबईतली गॅलरी भटकंती, बेल वाजवा आणि बिनधास्त आत जा

माझी लेक यंदा इंटरमिजिएट ड्रॉइंगला बसतेय आणि मोबाईलवर चित्रं बघून बघून कंटाळली होती, म्हटलं चल खरी दाखवते, आणि गेल्या महिन्यात शनिवारी सकाळी डेक्कन क्वीन पकडून दोघी मुंबईला गेलो. शनिवारीच जा हं, कारण बहुतेक खाजगी गॅलऱ्या रविवारी बंद असतात, आणि एनजीएमएला, म्हणजे सरकारच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टला, सोमवारी सुट्टी.

सीएसएमटीवरून चालत काळा घोडा, पहिली जहांगीर आर्ट गॅलरी. १९५२ ची गॅलरी, तिकीट नाही, कुणी विचारत नाही कुठून आलात. इथली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे चित्रकार स्वतः खुर्ची टाकून आपल्या चित्रांपाशी बसलेले असतात. एक काका सांगलीकडचे होते, लेक त्यांच्या कॅनव्हासला नाक लावून बघत होती तर ओरडले नाहीत, उलट म्हणाले बाळा समोरून नको, बाजूनं बघ. बाजूनं बघितलं तर रंगाच्या बोथट सुरीनं (पेंटिंग नाईफनं) ओढलेला रंग नांगरटीसारखा वर आलेला, कडेला तेलाचा वास अजून येत होता. म्हणाले वरून सुकलंय, आतून ओलंच आहे, महिने लागतात. हे मोबाईलवर कसं कळणार सांगा. बाहेर फुटपाथवर पण चित्रकार बसतात, तिथंही थांबा. आतलं समोवार कॅफे मात्र २०१५ मध्ये बंद झालं, त्याची हळहळ अजून वाटते.

समोरच एनजीएमए, म्हणजे जुना कावसजी जहांगीर हॉल, जिथं एकेकाळी सभा, मैफिली, लग्नं सगळं व्हायचं, १९९६ पासून गॅलरी आहे. अर्धगोल मजले एकावर एक चढत घुमटाखाली पोचायचं. तिकीट अगदी किरकोळ. गुडघे दुखत असतील तर सावकाश चढा.

आता खाजगी गॅलऱ्या. इथंच आपली माणसं बिचकतात, मी पण वर्षानुवर्षं बिचकले, वाटायचं विकत घेणाऱ्यांसाठीच आहे. तसं अजिबात नाही!! फोर्टात क्वीन्स मॅन्शनमध्ये तिसऱ्या मजल्यावर केमोल्ड आहे, १९६३ साली जहांगीरमध्येच सुरू झालेली. कुलाब्यात ताजच्या मागं मेरीवेदर रोडवर झवेरी कंटेम्पररी, आणि थोडं पुढं फायर ब्रिगेडजवळ प्रोजेक्ट ८८, जी जुन्या छापखान्याच्या जागेत आहे. बाहेरून मोठा बोर्ड दिसेलच असं नाही, वॉचमनला विचारायचं, तो म्हणतो जा ना वरती, मग बेल वाजवायची, दार उघडतं. सगळं फुकट. आणि आत इतकी शांतता की कुलाब्यात आहोत हे विसरायला होतं.

तक्रार एकच, पण मनापासूनची. एका गॅलरीत भिंतीवरचा मजकूर इतका जड इंग्रजीत होता की लेकीनं दोन ओळी वाचून सोडून दिला, आणि मराठीत एक अक्षर नाही. मुंबईत असून! मी तिथल्या मुलीला विचारलं तर तिनं मात्र छान दहा मिनिटं उभं राहून समजावलं, तेव्हा विचारायला लाजू नका.

रविवारी भायखळ्याला राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड म्युझियम. १८७२ पासूनची ही वास्तू, जुनं ते जपलंच आहे पण आजच्या चित्रकारांना बोलावून तिथल्याच वस्तूंना उत्तर देणारी प्रदर्शनं भरवतात, सुदर्शन शेट्टी, अतुल दोडिया यांची इथं झालीयेत. बुधवारी बंद. सकाळी उघडल्या उघडल्या जा, नंतर बागेची गर्दी आत येते. लेक तिथल्या मातीच्या छोट्या बाहुल्यांसमोर अर्धा तास स्केचबुक घेऊन बसली, उठायलाच तयार नाही, शेवटी जेवण राहिलं आणि गाडीत वडापाव खाल्ला.

जानेवारीत मुंबई गॅलरी वीकेंड असतो, तेव्हा बऱ्याच गॅलऱ्या एकदम नवीन प्रदर्शनं लावतात. आम्ही त्याच वेळी परत जाणार आहोत, पुण्याहून कुणी येणार असेल तर सांगा, सोबतच जाऊ.