कोर्स पूर्ण, नोंद मात्र अपूर्ण: ई-लर्निंग प्रशिक्षणाचा काही महिन्यांचा अनुभव

आमच्या विद्यापीठाने कर्मचाऱ्यांचं सेवांतर्गत प्रशिक्षण मूडलवर आणलं, त्याला आता बरेच महिने झाले. मूडल म्हणजे ऑनलाइन कोर्स चालवण्याची संगणक प्रणाली, बहुतेकांनी वापरलेली आहे. माझा मुद्दा एकच आहे: केलेल्या कामाची नोंद राहत नाही.

माहिती-सुरक्षेचा कोर्स घ्या. शेवटची चाचणी समोर आहे, तेवढ्यात कोणीतरी कामासाठी खिडकीशी येतं, म्हणून कोर्स बंद करावा लागतो. परत उघडला की आपण पुन्हा मधल्याच कुठल्यातरी स्लाइडवर, आणि शेरा 'अपूर्ण'. एका बैठकीत कोर्स संपवणाऱ्यांना हा त्रास होत नाही. ग्रंथालयाचा काउंटर, प्रयोगशाळा, परीक्षा विभाग सांभाळणाऱ्यांना होतो. ज्यांना सवडीने शिकता यावं म्हणून हे आणलं, नेमके तेच अडकतात. याचा मला खरोखर संताप आला.

हेल्पडेस्कचं उत्तर ठरलेलं: कॅशे (ब्राउझरने साठवलेल्या जुन्या फाइली) साफ करा, दुसरा ब्राउझर वापरा. तक्रार बंद. मी ती पुन्हा पुन्हा उघडत राहिले. शेवटी एका तांत्रिक सहायकाने कोर्सची फाइलच तपासली. कोर्स 'स्कॉर्म १.२' या मानकात, म्हणजे ऑनलाइन कोर्स कसा बांधायचा आणि प्रगती कशी नोंदवायची याच्या ठरलेल्या नियमांत, बांधलेला होता. हे मानक २००१ चं. आपण कुठवर आलो ही खूण साठवायला त्यात ४,०९६ अक्षरांचीच जागा असते. आमचा कोर्स एकाच पॅकेजमध्ये कोंबलेला आणि प्रत्येक क्लिकची नोंद ठेवणारा. जागा भरली की पुढची प्रगती साठतच नाही. स्कॉर्म २००४ च्या चौथ्या आवृत्तीत ही मर्यादा ६४,००० अक्षरांची आहे, पण मूडल ते मानक पूर्णपणे चालवत नाही. मग कोर्सचे तुकडे करणं हाच मार्ग उरतो. कोर्सचा पुरवठादार करारावर बोट ठेवून बसला होता. बरीच पत्रापत्री झाल्यावर तयार झाला.

तुकडे झाले आणि माझं मत बदललं. सभागृहातल्या दिवसभराच्या व्याख्यानापेक्षा हे कितीतरी चांगलं आहे. खरेदी नियमांच्या धड्यात एक नमुना बिल समोर येतं, त्यातली त्रुटी आपण शोधायची. पुरवठा आदेशाचा क्रमांक जुळत नाही, हे एकदा स्वतः पकडलं की विसरत नाही. चर्चेच्या पानावर भांडार विभागातल्या एकाने विचारलेल्या शंकेला लेखा विभागाने दिलेलं उत्तर आजही तिथे आहे, नवीन आलेल्यांनाही मिळतं. सभागृहात अशी शंका विचारायला कोणी उठत नसे.

तरीही कोर्ससाठी कामाच्या वेळेत तास राखून दिलेला नाही, बरेच जण रात्री घरी बसून करतात. हे बरोबर नाही. तुमच्याकडे असे कोर्स यायचे असतील तर स्वीकारण्याआधी एक चाचणी नक्की घ्या: शेवटाजवळ पोहोचून कोर्स बंद करा आणि दुसऱ्या संगणकावरून उघडा. तिथूनच पुढे सुरू झाला नाही, तर बिल मंजूर करू नका.